मोटर बंद, पायडल चालू: रेडिओवरच्या लांब मुलाखतींचं परीक्षण

रेडिओवर एकाच माणसाला बोलावून तासभर निवांत बोलू देतात, तसल्या मुलाखतींचं हे परीक्षण आहे. कलावंत, सिनेमावाले आणि राजकीय पत्रकार असे तीन तऱ्हेचे पाहुणे मी धरले आहेत. निकाल आधीच सांगून टाकते, सगळ्यांनाच शेवटपर्यंत वाचायची सवड नसते. वादक-गायकांच्या मुलाखती पैकीच्या पैकी. सिनेमावाल्यांच्या अर्ध्या चांगल्या, अर्ध्या वाया. आणि राजकीय पत्रकार? त्यांची खुर्ची आपल्या रेडिओनं रिकामीच ठेवली आहे.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात लेडीज टेलर आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, आणि जून लागला की शाळेचे युनिफॉर्म. या धंद्यात हात, पाय, डोळे सगळे गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. टीव्हीकडे पाहत टीप मारली तर सुई बोटातून जाते. गाणीही मला दिवसभर चालत नाहीत, थोड्या वेळानं ती नुसती वाजत राहतात आणि आपण ऐकत नसतो. माणूस बोलत असला की मात्र बाही कधी लागली ते कळतही नाही.

मुलाखत चांगली की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. पाहुण्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते मला समजलं का? बालपण, संघर्ष, आईचा आशीर्वाद हे सगळ्यांचं थोड्याफार फरकानं सारखंच असतं. मला कोणी ब्लाउजबद्दल विचारलं आणि मी मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, आकार कसा काढते ते न सांगता "देवाची कृपा" एवढंच सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडणार?

आधी यंत्राचं सांगते, कारण खेड्यात अर्धी मुलाखत यंत्रच खाऊन टाकते. माझ्याकडे एफएम, मिडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह असा साधा सेट आहे, दुकानातल्या फळीवर दोऱ्यांच्या डब्याशेजारी. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे ५१२.८ मीटरवर लागते आणि आमच्या गावापर्यंत दिवसाढवळ्या खणखणीत येते. एफएमचं तसं नाही. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, टॉवरपासून पन्नास-साठ किलोमीटरच्या पलीकडे त्यांचा भरवसा नसतो. आता गंमत अशी की माझ्या मशीनला मोटर आहे. मोटरमधले कार्बनचे ब्रश फिरताना बारीक ठिणग्या पाडतात आणि त्या ठिणग्यांची खरखर मिडियम वेव्हवर जशीच्या तशी येते. पाहुणा नेमका रंगात यायला आणि मी टीप मारायला एकच गाठ पडते. म्हणून चांगली मुलाखत लागली की मी मोटरचा पट्टा काढून ठेवते आणि पायडलवर शिवते. काम हळू होतं, पण शब्दन् शब्द ऐकू येतो. दुकानातला स्वस्तातला एलईडी बल्बही असाच घूं घूं करायचा, तो बदलावा लागला.

आणखी एक, कारण हे कोणी सांगत नाही. मिडियम वेव्हसाठी ती लांब दांडी, म्हणजे एरियल, वर ओढून काही फायदा नसतो. ती एफएम आणि शॉर्ट वेव्हची. मिडियम वेव्हचा एरियल सेटच्या पोटात असतो, काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार. ती कांडी बहुतेक सेटमध्ये आडवी असते, म्हणून सेटचं तोंड किंवा पाठ स्टेशनच्या दिशेला केली की आवाज भरतो आणि कड दिशेला केली की पडतो. आमच्याकडून नागपूर उगवतीकडे, थोडं वरच्या अंगाला. फळीवर मी खडूनं खूण करून ठेवली आहे, शेजारच्या पोट्ट्यांनी सेट हलवला तरी पुन्हा बसवता येतो.

आता मुलाखती.

विविध भारतीवरचा 'उजाले उनकी यादों के' हा माझ्या मते आपल्या देशातल्या रेडिओवरचा लांब मुलाखतींचा सगळ्यात भरीव कार्यक्रम. हिंदी आहे, पण आमच्याकडे हिंदी कोणाला अडत नाही. जुने संगीतकार, वादक, गायक, गीतकार येतात. एकाच पाहुण्याचे लागोपाठ कितीतरी भाग चालतात, मधे त्याचीच गाणी लागतात. कमल शर्मा यांच्या आवाजात मी यातलं बरंच ऐकलं आहे. त्यांचं कसब प्रश्नात कमी आणि प्रश्नानंतर गप्प बसण्यात जास्त आहे. पाहुणा वाक्य अर्धवट सोडतो, दोन-तीन श्वास काहीच ऐकू येत नाही, आणि मग तो खरं सांगायला लागतो. दुसरा कोणी असता तर त्या जागेत "वाह, क्या बात है" घातलं असतं.

या विविध भारतीचा जन्मच मोठा मजेशीर. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपला मराठीच माणूस, १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते म्हणून त्यांनी आकाशवाणीवर ती गाणी आटवली. ऐकणारे उठले आणि सरळ श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे गेले. तिथे हिंदी गाणी ऐकवणारे निवेदक अमीन सायानी होतेच. शेवटी सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली, आणि ती उभी करायला पंडित नरेंद्र शर्मा हे कवी घेतले. ज्या गाण्यांना दार बंद केलं होतं त्यांच्याच कर्त्यांना पुढे त्याच आकाशवाणीनं तास-तास बोलतं केलं. केसकरांच्या बाजूनंही एक सांगायला पाहिजे, शास्त्रीय संगीतातल्या मोठ्या मोठ्या लोकांना रेडिओवर आणलं ते त्यांनीच.

तर एकदा असंच एक वयस्कर वादक बोलत होते. पूर्वी गाण्याचं ध्वनिमुद्रण कसं व्हायचं ते सांगत होते: गायक, कोरस आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात. आजच्यासारखा ज्याचा त्याचा तुकडा वेगळा घेऊन नंतर जोडायची सोय नव्हती. मी पायडलवर होते. गावातली एक आजी पोलक्याचं कापड घेऊन आली आणि मापाला उभी न राहता स्टुलावरच बसली.

"काय वो बाई, एकानं चुकवलं त सगळ्याईनं पुन्हा वाजवाचं?"

"हाव ना आजी. पहिल्यापासून."

"मंग ज्यानं चुकवलं त्याले बाकीचे काय म्हनत असतीन?"

हा प्रश्न मुलाखत घेणाऱ्यानं विचारला नव्हता. आणि नवल म्हणजे पाहुण्यानं आपणहूनच सांगितलं, की कोणी काही म्हणायचं नाही, चहा मागवायचे. आजी खुदकन हसली, "आमच्या खंजिरी भजनात त शिव्या देतेत," म्हणाली आणि हात वर करून मापाला उभी राहिली. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्यापासून लांब नाही, खंजिरीवर कोणाचा ठेका सुटला तर इकडे बायकांनाही कळतं. अशा श्रोत्याला वादकाची मुलाखत समजावून सांगावी लागत नाही.

मराठीत आकाशवाणी नागपूरनं या बाबतीत काय दिलं? हे केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. एका काळी तिथे माणसंच तशी होती. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध काही काळ या केंद्रात नोकरीला होते, नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर आकाशवाणीत होते. आजही लेखक, कीर्तनकार, लोककलावंत यांच्या गप्पा लागतात आणि मी त्या सोडत नाही. मला आवडतात त्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांच्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात धान कापून झालं की नाटकांचा हंगाम लागतो, वडसा हे त्याचं ठाणं, आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. असा माणूस चार-पाच भाग बोलला पाहिजे, विविध भारतीवरच्या संगीतकारासारखा. रात्रभर आवाज कसा टिकवता, स्त्रीपार्टी असताना लुगडं किती वेळात बदलायचे, टेलर कोण होता, असे माझेच किती प्रश्न आहेत. पण मराठी मुलाखती आटोपशीर असतात. पाहुणा तापायला लागतो आणि "वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागेल" येतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते येणार हे मला आधीच्या प्रश्नावरून कळतं.

सिनेमावाल्यांच्या मुलाखतींवर फार शाई घालत नाही. सिनेमा लागायच्या आठवड्यात नट-नट्या एफएमवर येतात, "सेटवर खूप धमाल आली, आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो" सांगतात आणि पुढच्या स्टेशनवर जातात. ती जाहिरात आहे, मुलाखत नाही, आणि असल्या वेळी मी मोटर बिनधास्त चालू ठेवते. चांगलं बोलतात ते पडद्यामागचे: संकलक, कॅमेरावाले, ध्वनीवाले, कपडेपट सांभाळणारे. दिग्दर्शकही बोलतात, पण सिनेमा जुना होऊन त्याच्याशी धंद्याचा संबंध तुटल्यावर. चित्रपट विकायचा असतो तोवर कोणीच खरं बोलत नाही. मीही नवीन गळ्याची फॅशन आली की "तुम्हाला फार शोभते" असंच म्हणते.

माझा भाचा अमरावतीला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. इंग्रजी सुधारायला म्हणून तो बाहेरच्या देशातल्या रेडिओ-मुलाखती ऐकतो आणि दिवाळीत आला की माझ्या फोनमध्ये भरून देतो. "मावशी, समजलं नाही तरी ऐकत राहा," म्हणतो. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, पण कानाला सवय होते.

त्यातला बीबीसीचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' बघा. २९ जानेवारी १९४२ ला, महायुद्ध चालू असताना, रॉय प्लमली यांनी सुरू केला आणि आजही चालतो. पाहुण्याला विचारतात, तुला एकट्याला निर्जन बेटावर सोडलं तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका नेशील? सोबत एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. एवढंच. माणूस स्वतःबद्दल जपून बोलतो, दुसऱ्याच्या गाण्याबद्दल बोलताना सैल पडतो, हे त्या प्लमलींनी बरोबर हेरलं. आपल्याकडे गाण्यांवर जीव टाकणारा देश असून असा कार्यक्रम घरोघरी का नाही याचं मला कोडं आहे. फौजी भाइयांसाठीच्या 'विशेष जयमाला'त कलावंत आपल्या आवडीची गाणी लावत थोडंफार बोलतात, ते याच्या जवळचं, पण तिथे उलट प्रश्न विचारणारं कोणी नसतं.

दुसरा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा 'फ्रेश एअर'. टेरी ग्रोस या बाईंनी तो १९७५ पासून चालवला, १९८७ पासून तो तिथल्या सार्वजनिक रेडिओवर देशभर रोज लागायला लागला. लेखक, गायक, दिग्दर्शक, पत्रकार, सगळे येतात. म्हणजे 'येतात' असं म्हणायचं, बहुतेक वेळा पाहुणा दुसऱ्याच शहरातल्या स्टुडिओत असतो आणि बाई कानाला हेडफोन लावून त्याला फक्त ऐकतात. चेहरा दिसत नाही. भाच्याला हे कमीपणाचं वाटलं. मला उलट वाटतं. समोर बसलेल्या माणसाला अवघड प्रश्न विचारताना आपण त्याच्या डोळ्यांकडे पाहून प्रश्न गिळतो. मी उधारी मागते तेव्हा फोनवरच मागते. शिवाय त्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवतात की प्रश्न फारच खाजगी वाटला तर तसं सांगा, आपण पुढे जाऊ. ही सूट दिली की लोक जास्तच बोलतात.

याच कार्यक्रमात २००३ मध्ये बिल ओ'रायली हा टीव्हीवरचा राजकीय भाष्यकार प्रश्नांवर भडकून मुलाखत अर्धी टाकून निघून गेला. त्यांनी ते तसंच ऐकवलं. इंग्रजी सगळं समजलं नाही, पण भांडण कोणत्याही भाषेत समजतं. मला त्यात कोण बरोबर कोण चूक यापेक्षा हेच महत्त्वाचं वाटलं, की राजकारणावर बोलून पोट भरणाऱ्या माणसाला रेडिओवर बसवून कोणीतरी त्याच्याच कामाबद्दल विचारत होतं.

आणि इथे आपली गाडी अडते.

आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. २०१९ पासून त्यांना आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस. खेड्यापाड्यातल्या सामुदायिक रेडिओलाही तेच बंधन. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं, पण जनतेच्या त्या मालमत्तेवर बातमी बोलायचा हक्क अजूनही एकट्या आकाशवाणीकडे. आणि आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत एखाद्या पक्षावर नाव घेऊन हल्ला किंवा केंद्र-राज्य सरकारांवर शत्रुत्वाची टीका बसत नाही. मग राजकीय पत्रकाराला बोलावून त्याच्याशी काय बोलणार, हवामान?

रात्री इंग्रजी बातम्यांनंतर आकाशवाणीवर 'स्पॉटलाइट' लागतो, भाच्यासारखी मुलं त्यावरून टिपणं काढतात. त्यात पत्रकार असतात, बोलतातही मुद्देसूद. पण ते एखादी योजना, एखादा करार पंधरा मिनिटांत समजावून द्यायला आलेले असतात. बातमी कशी मिळाली, कोणी दबाव आणला, काय छापता आलं नाही, यातलं काही निघत नाही. परीक्षेला उपयोगी, मला नाही.

ही जागा पूर्वी आमच्याकडे बीबीसी हिंदीनं भरून काढली होती. बाबा कापूस उत्पादक, पण शॉर्ट वेव्हचं वेड. वावरातून आले की चामड्याच्या कव्हरातला रेडिओ खाटेवर घेऊन काटा फिरवत बसायचे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराबाई गेल्याची बातमी आकाशवाणीनं संध्याकाळी सांगितली, बीबीसीनं त्याच्या कितीतरी आधी. ते बाबांनी गावात सांगितलं तर लोक त्यांच्यावरच ओरडले म्हणे. पत्रकारांशी, पुढाऱ्यांशी तिथे सरळ प्रश्नोत्तरं व्हायची. बीबीसी हिंदीची शॉर्ट वेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. फोनवर, व्हिडिओत बीबीसी आजही आहे, मराठीतही आहे. पण ते बघायला डोळे लागतात आणि नेट लागतं. आमच्या गावात संध्याकाळी सगळे घरी आले की नेट रांगायला लागतं, पाहुणा एकाच अक्षरावर अडकून बसतो.

माझी मागणी फार मोठी नाही. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं, आपण त्याला हिवाळी अधिवेशन म्हणतो. डिसेंबरात मुंबई-पुण्याचे राजकीय पत्रकार झाडून नागपुरात असतात, आकाशवाणी केंद्राच्या अगदी उंबऱ्यापाशी. त्यातला रोज एक जण पकडून तासभर बसवावा. सरकारवर टीका करू नका म्हणता, ठीक आहे, नका करू. त्याला एवढंच विचारा: सभागृहात गोंधळ असताना तू कागदावर काय लिहितोस? मंत्री कापसावर बोलला आणि बाहेर येऊन वेगळंच म्हणाला तर तू कोणतं छापतोस? विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर पी. साईनाथ यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. ते आमच्याच खेड्यांमधून फिरले. एखाद्या घरी दुःखाच्या वेळी गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे पत्रकार कुठून शिकतो? मला ते रेडिओवर, मराठीत, पायडल मारता मारता ऐकायचं आहे.

ज्यांना आजच सुरुवात करायची त्यांनी प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एआयआर' ॲप घ्यावं, त्यात विविध भारतीसकट देशभरची केंद्रं फुकट लागतात, शहरात राहणाऱ्यांना सेटची गरज नाही. आकाशवाणीच्या जुन्या ठेव्यातलं काही प्रसार भारतीनं यूट्यूबवरही टाकलं आहे. वर सांगितलेले दोन्ही परदेशी कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून मिळतात, आधी उतरवून ठेवा आणि मग कामाला बसा. खेड्यात असाल तर मिडियम वेव्हचा सेट घ्याच. घेताना दुकानदारासमोर ५८५ लावून बघा, नुसता एफएम वाजवून "चालू आहे" म्हणाला तर पैसे काढू नका.

तारे द्यायचेच तर विविध भारतीच्या मुलाखतींना पाचपैकी पाच, नागपूरच्या मराठी गप्पांना साडेतीन, सिनेमाच्या जाहिरात-मुलाखतींना एक. राजकीय पत्रकारांच्या रकान्यात काही भरलेलं नाही, तपासायला माल तर पाहिजे. कोणाच्या घरी बीबीसी हिंदीच्या मुलाखती टेप केलेल्या जुन्या कॅसेट पडल्या असतील तर फेकू नका, दुकानात आणून द्या. टेपरेकॉर्डर माझा चालू आहे. एका कॅसेटला एक ब्लाउज, अस्तरासकट, शिलाई माफ.